मैद्याच्या पोत्यांखालचा तलाव

एक काम कराल? एक उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? असा उन्हाळा, की दाराची कडी रुमालाने धरावी लागते. दोरीवर टाकलेला ओला टॉवेल पाठ फिरवेपर्यंत पुठ्ठ्यासारखा कडक होतो. दुपारी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली सरकली तरी उठत नाही, नुसतं डोळ्याने सावलीकडे बघतं. हवेत ओलावा म्हणाल तर नावालाही नाही.

आता या उन्हाळ्यात एक बुटकं घर ठेवा आणि त्याच्या परसात पोहण्याचा एक तलाव ठेवा. फार मोठा नको. आधीच्या मालकाने हौसेने बांधलेला, फिक्या निळ्या फरशांचा, एका बाजूला चार पायऱ्या असलेला. मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी येईल एवढाच. आणि त्याच्या काठावर, पाय पाण्यात सोडून, एक मुलगी बसवा. घरात सगळे तिला बेडकी म्हणत. चालायला लागायच्या आधी ती पोहायला लागली होती, असं तिची आई सांगायची. आई तशी थोडं वाढवूनच सांगायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आलं सगळं डोळ्यांसमोर? मग आता बेडकीच्या पायांना काय कळत होतं ते सांगतो. पाणी गरम होतं. अंघोळीला काढतात तसं गरम. खोल बुडी मारली तर तळाशी थोडा गारवा लागायचा, जणू तलावाने आपली जुनी थंडी कुणाला सापडू नये म्हणून खाली लपवून ठेवली होती. पण जरा हातपाय हलवले की वरचं गरम पाणी खाली यायचं आणि तेवढाही गारवा निसटायचा.

एरवी बेडकीला त्याचं फार काही वाटलं नसतं. या वर्षी वाटत होतं, आणि त्याला कारण होता मामा.

मामा पोस्टमन होता. गावाच्या जुन्या भागातल्या सगळ्या गल्ल्या त्याच्या. सायकल त्याला आवडायची नाही. सायकलवरून माणसं नुसती दिसतात, भेटत नाहीत, असं तो म्हणायचा. म्हणून तो पायीच फिरायचा. थंडीत एका जिन्यावरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय जागचा हलायला तयार होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यात चाला. पाण्यात अंगाचं ओझं पायावर पडत नाही. रोज चाललात तर पाय परत येईल. नाही चाललात तर असाच आखडून बसेल." म्हणून मामा काठी आणि एक पिशवी घेऊन बहिणीच्या घरी राहायला आला.

"रजा संपेपर्यंत पाय चालला नाही," तो बेडकीला म्हणाला, "तर साहेब मला खिडकीमागे बसवणार. दिवसभर शिक्के मारायचे. ठप्. ठप्. ठप्."

"मग त्यात काय? पंखा असेल," बेडकी म्हणाली.

"पंखा असेल गं," मामा म्हणाला. "पण गल्ली नसेल."

तो हसत म्हणाला, पण डोळे हसले नाहीत. बेडकीने ते पाहिलं.

पाण्यात नुसतं इकडून तिकडे चालायचा मामाला कंटाळा यायचा. तेव्हा त्याने तलावातच आपली फेरी मांडली. पायऱ्यांपाशी पोस्ट ऑफिस. डाव्या भिंतीची प्रत्येक फरशी म्हणजे एक घर. कोपऱ्यावर वळलं की शिंपिणीचा जिना. मामा छातीभर पाण्यात, हळूहळू, एकेक पाऊल टाकत यायचा आणि बेडकी काठावरून त्याच्या पुढे पळून ज्याच्या त्याच्या घरचं माणूस व्हायची.

"पत्र आलंय!" मामा हाक मारायचा.

"कोण आहे?" बेडकी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात खेकसायची. "इतका उशीर का?"

"तुमच्या घड्याळाकडे बघून निघालो, आजोबा. म्हणून उशीर झाला."

पुढच्या घरी गाण्याचे मास्तर. ते आधी सूर लावणार आणि मग दार उघडणार. त्यांचा कुत्रा मामाच्या विजारीला धरणार. कुत्राही बेडकीच व्हायची. अशा गल्ल्या फिरता फिरता मामाचा पाय कसा वाकतोय आणि कसा सरळ होतोय, याची मामालाही आठवण राहायची नाही. दुपारच्या उन्हात तळाच्या फरशांवर उजेडाची जाळी हलायची, आणि बेडकीला खरंच वाटायचं की पाण्याखाली एक गाव आहे, तिथली माणसं दारात उभी आहेत आणि मामाचीच वाट बघताहेत.

मग ऊन चढत गेलं आणि तलाव तापत गेला. एका सकाळी मामा शिंपिणीच्या जिन्यापर्यंत आला आणि थांबला. "पत्र आलंय" म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तो बाजूला कलला. बेडकी किंचाळली. आईबाबा धावत आले, दोघांनी मिळून त्याला बाहेर ओढलं. काठावर आडवा पडून तो म्हणाला, "काही नाही, शिंपीणबाईंनी दार जोरात उघडलं." पण त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि कुणालाच हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "गरम पाण्यात व्यायाम? चक्कर नाही येणार तर काय होणार? गार पाणी असेल तरच उतरायचं. नाहीतर बंद."

आता पाणी गार आहे की नाही, हे कोण ठरवणार? ते काम आईने आपल्याकडे घेतलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं ती कोपर बुडवून बघायची. रोज सकाळी सगळे पायऱ्यांपाशी जमायचे. आई वाकायची, कोपर बुडवायची, आणि मान हलवायची. नाही.

"न्यायाधीशबाई, जरा दया करा," मामा म्हणायचा.

"दया केली होती तेव्हा तू बुडत होतास," आई म्हणायची.

पहिला उपाय बाबांनी केला. बाबा बेकरीवाले. दिवसभर भट्टीपुढे उभं राहणारा माणूस, त्याला उष्णतेची काय पत्रास? त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून हातगाडीभर लाद्या आणल्या. गोणपाटातून काढून एकेक लादी पाण्यात सोडली. काय थाट होता! काचेच्या होड्याच जणू. त्या एकमेकींना धक्के देत, कडकड आवाज करत, तलावभर फिरल्या. बेडकी एका होडीला गाल लावून पोहली. मामाने घाईघाईने सदरा काढायला घेतला. सदऱ्याची शेवटची गुंडी निघेपर्यंत होड्यांच्या वड्या झाल्या होत्या, आणि तो पायरीपाशी येईपर्यंत वड्याही दिसेनात.

आईने कोपर बुडवलं. "काहीसुद्धा फरक नाही."

"एवढा बर्फ!" बाबा म्हणाले.

"एवढ्याशा बर्फाने एवढं पाणी काय ऐकणार? एवढ्यात अख्ख्या गल्लीला थंड पाणी पाजलं असतंत," आई म्हणाली. बाबा हातगाडी घेऊन निघून गेले.

आणि त्या संध्याकाळीसुद्धा, रोजच्यासारखं, बाबांनी तलाव झाकला. जाड निळ्या प्लास्टिकची भलीमोठी चादर होती. ती संध्याकाळी पाण्यावर ओढायची आणि सकाळी काढायची, असा घरचा रिवाज. पाला पडत नाही, धूळ बसत नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी उडून जात नाही. नळाला पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे आईचा जीव थेंबाथेंबात. चादरीचं एक टोक बाबा धरायचे आणि दुसरं बेडकी. तलाव झोपला, असं बेडकी म्हणायची.

पुढे काही दिवस मामा ओट्यावर बसून राहिला. काठी मांडीवर आडवी. बेडकी काठावर पळायची, घड्याळवाल्या म्हाताऱ्याच्या आवाजात "इतका उशीर का?" विचारायची. मामा म्हणायचा, "आज टपालाला सुट्टी आहे, बेडके." एकदा तिने चोरून पाहिलं. मामा दोन्ही हातांनी आपला पाय उचलून सरळ करत होता, एखाद्या दुसऱ्याच माणसाचा पाय असावा तसा.

एके दिवशी दुपारी बेडकी बाबांचा डबा घेऊन बेकरीत गेली. दुपारची भट्टी नुकतीच उतरली होती. ब्रेडचे तांबूस लोफ चाकांच्या उंच मांडणीवर, भोकाभोकांच्या ट्रेमध्ये, ओळीने मांडले होते. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि दारातून धुळीचा लोट आत आला. बेडकीला वाटलं, आपण मदत करावी. तिने कोपऱ्यातलं स्वच्छ फडकं घेतलं आणि ब्रेडवर पांघरलं.

"अगं अगं अगं!" बाबा भट्टीकडून धावत आले आणि त्यांनी फडकं ओढून काढलं. "गरम ब्रेड झाकतात का कधी?"

"धूळ येत होती."

"धूळ येऊ नये म्हणून दार लावायचं. हे बघ." त्यांनी तिचा हात धरून एका लोफच्या वर, अगदी जवळ नेला. हाताला ओलसर ऊब लागली. "वाफ बाहेर पडतेय ना? ती जाताना गरमी घेऊन जाते. झाकलंस तर ती जाणार कुठे? आतच कोंडणार. मग ब्रेड गार तर होत नाहीच, वर गिच्च होतो. म्हणून तर हे भोकांचे ट्रे. वरून वारा, खालून वारा. मोकळं ठेवायचं, म्हणजे आपलं आपण गार होतं."

बेडकी हात तिथेच धरून उभी राहिली. मांडणीभर ब्रेड उसासे टाकत होते. दिसत काहीच नव्हतं, पण तिच्या तळहाताला तो प्रत्येक उसासा कळत होता. आणि तो कळता कळता तिच्या डोळ्यांपुढे एक निळी चादर आली.

"बाबा," ती म्हणाली, "मग आपण तलाव का झाकतो?"

"पाणी उडून जाऊ नये म्हणून."

"वाफ होऊन?"

"हो, वाफ होऊन."

"आणि ती वाफ जाताना..."

बाबांचा हात मांडणीवरच राहिला. ते ब्रेडकडे बघत राहिले, मग फडक्याकडे, मग पोरीकडे. मग एवढ्या मोठ्याने हसले की गिऱ्हाईक दारातच थांबलं. "आयुष्यभर लोकांना ओरडतोय, गरम झाकू नका म्हणून. आणि घरी रोज संध्याकाळी एवढा मोठा गरम पाव झाकून झोपतोय!"

पण आईला पटवायचं म्हणजे नाकी नऊ. "म्हणजे पाणी उडू द्यायचं? मुद्दाम? पाणी काय तुमच्या बेकरीत बनतं?"

"थोडंच जाईल," बाबा म्हणाले.

"थोडं थोडं करून तळ दिसेल."

बेडकी मध्ये पडली. "दिवसा पण उडतंच ना, आई? दिवसा तर सगळं ऊन त्याच्यावर. दिवसा सावली केली तर तेवढं वाचेल. ते रात्री जाऊ दे."

आईने पदर खोचला. ती माळ्यावर चढली आणि मैद्याची रिकामी पोती खाली टाकू लागली. बेकरीतून येणारी ही पांढरी कापडी पोती ती धुऊन जपून ठेवायची, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. आता तो कधीतरी आला होता. दोन दिवस शिलाई मशीन खडखडत राहिलं. पोत्याला पोतं जोडून एक एवढं मोठं पांढरं छत झालं की घरात मावेना. भिंतीच्या कड्यांपासून समोरच्या खांबांपर्यंत दोर बांधून बाबांनी ते तलावावर ताणलं. वारा वाहायला खाली भरपूर जागा ठेवली.

मामा ओट्यावरून सूचना देत होता. "डावीकडे ओढा भावोजी! अहो, तुमचं डावं नाही, माझं डावं!" एवढ्यात धुवायच्या राहून गेलेल्या एका पोत्याच्या शिवणीतला मैदा झर्रकन खाली आला आणि मामाच्या डोक्यावर सांडला.

"घ्या," आई म्हणाली, "आता फक्त भट्टीत घालायचा राहिलाय." त्या दिवशी मामा बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसला.

आणि छताखाली काय झालं सांगू? पोत्यांवर गिरणीचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. धुऊन धुऊन फिकट झालेलं. ऊन त्यातून झिरपून खाली यायचं आणि ती अक्षरं पाण्यावर उतरायची. उलटी, सुलटी, अर्धी. वारा आला की छत फुगायचं आणि अक्षरं पाण्यावर चालू लागायची. बेडकी काठावर पालथी पडून बघत राहायची. एखादं अक्षर तिच्या बोटापाशी यायचं, ती बोट लावायची, आणि ते थरथरून दूर जायचं.

संध्याकाळी चादर ओढायची वेळ झाली की कुणी चादरीला हात लावायचं नाही. उलट छतसुद्धा एका बाजूला गुंडाळायचं, म्हणजे तलावाला आभाळ मोकळं. आणि बाबांनी बेकरीतली एक जुनी मांडणी आणून काठावर उभी केली, भोकांच्या ट्रेसकट. तलावाचं पाणी गाळायला एक पंप होताच. त्याची परत येणारी नळी त्यांनी उचलून सगळ्यात वरच्या ट्रेवर बांधली.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"पाण्याला वारा लागायला. करा सुरू!"

बेडकीने बटण दाबलं. पाणी वरच्या ट्रेवर आदळलं, उसळलं, आणि थेट आईच्या अंगावर. आई डोक्यापासून पायापर्यंत भिजली.

"निदान न्यायाधीशबाई तरी गार झाल्या," मामा म्हणाला.

मग बाबांनी तोटी बारीक केली. पाणी वरच्या ट्रेच्या भोकांतून दोऱ्यादोऱ्यांनी खालच्या ट्रेवर आलं, तिथून त्याच्या खालच्या, आणि शेवटी असंख्य बारीक धारांनी तलावात. बेडकीने मधे हात घातला. वरच्या ट्रेपाशी धारा गरम होत्या. तळच्या ट्रेपाशी तिला वाटलं की किंचित, अगदी किंचित, त्या निराळ्या लागताहेत. कोरडा वारा धारांमधून आरपार जात होता आणि जाताना काहीतरी उचलून नेत होता.

पहिल्या सकाळी आईने कोपर बुडवलं. "कोमट," ती म्हणाली. बेडकीचा चेहरा उतरला.

"ब्रेडसुद्धा एकदम गार होत नाही," बाबा म्हणाले. "धीर धर."

दुसऱ्या सकाळीही कोमट. त्यानंतरच्या सकाळी आई म्हणाली, "हं." नुसतं हं. हं म्हणजे काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पाणी बोटभर खाली गेलं होतं, तेही आईने बघितलं, आणि चालवून घेतलं.

आणि मग एका सकाळी आईने कोपर बुडवलं आणि काढलंच नाही. तशीच वाकून राहिली. मग तिने चपला काढल्या, पहिल्या पायरीवर बसली, दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. छत अजून गुंडाळलेलं होतं, आभाळ नुकतं उजळत होतं, धारांचा एकसुरी आवाज येत होता. "ये," ती डोळे न उघडता मामाला म्हणाली.

मामा उठला. काठी टेकत पायऱ्यांपर्यंत आला आणि थांबला. पाण्याकडे बघत राहिला. "आज नको," तो म्हणाला. "उद्या उतरतो."

"का रे?" आईने विचारलं.

"सहज."

बेडकीला कळलं. मामाला पाण्याची भीती बसली होती. पोस्टमन, सगळ्या गल्लीतल्या कुत्र्यांना न घाबरणारा, आणि चार पायऱ्यांना घाबरत होता. ती त्याला घाबरट म्हणाली नाही. ती पळत दुसऱ्या टोकाला गेली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "काय हो पोस्टमन! लेकीच्या पत्राची वाट बघून बघून माझे डोळे गेले! बोलावू का तुमच्या साहेबांना?"

मामाने वर पाहिलं. "शिंपीणबाई, तुमचं पत्र परवाच आलंय."

"मग माझ्या हातात कुठंय? दारापर्यंत आणायला काय झालं?"

"तुमच्या जिन्याला कठडा नाही!"

"मग माझा हात धरा!" असं म्हणून बेडकीने पाण्यात उडी मारली, पोहत पायऱ्यांपाशी आली आणि समोरून हात पुढे केला. मामाने काठी आईच्या हातात दिली. एक पायरी उतरला. दुसरी. गार पाण्याने त्याच्या गुडघ्याला वेढलं आणि तो "हाss" करून थरारला. आईचा जीव भांड्यात पडला. त्या सकाळी तो घड्याळवाल्याच्या घरापर्यंतच गेला, पण गेला.

त्यानंतर रोज. उन्हाळा आपला तापतच होता, भिंतीला पाठ लावली तर चटका बसायचा, पण पांढऱ्या पोत्यांखाली एक वेगळाच दिवस असायचा. मामा अक्षरांच्या सावल्यांमधून चालायचा, त्याच्या छातीवरून, खांद्यावरून अक्षरं सरकायची, आणि बेडकी घरोघरची माणसं व्हायची. हळूहळू मामा तिच्याशी कमी बोलू लागला आणि झपझप चालू लागला. कधी तो दार न ठोठावताच पुढे जायचा. बेडकीला आधी राग आला. मग लक्षात आलं की मामाला आता पाण्यातली गल्ली पुरेनाशी झालीय.

रजा संपायच्या आदल्या सकाळी मामाने तलावात पूर्ण फेरी मारली, पायऱ्या चढून वर आला, अंग पुसलं, कपडे घातले. काठी घेतली. बाहेर आलं की पाय पुन्हा आपल्या वजनाचा व्हायचा, तसा आजही झाला. पण तो ओट्याकडे वळला नाही. तो फाटकाकडे गेला.

"मी येते," बेडकी म्हणाली.

"नको. तू नको, कुणीच नको," मामा म्हणाला. "आणि मागून बघायचंही नाही. कुणी बघतंय असं वाटलं की माझा पाय लाजतो. कोपऱ्यापर्यंत जातो आणि येतो. आलो तर उद्या कामावर. नाही जमलं तर..." त्याने हवेत शिक्का मारला.

आई पायरीवर बसली होती. हातातला टॉवेल ती पिळत होती, कोरडा असूनही.

फाटकाची कडी वाजली. रस्त्यावर काठीचा आवाज सुरू झाला. टक्. मग पाऊल. टक्. मग पाऊल. बेडकीची मान आपोआप फाटकाकडे वळू लागली. तिने ती धरून जागेवर ठेवली. पण कानांचं काय करणार? काठी थोडी थांबली की तिचा श्वास थांबायचा.

तेव्हा बेडकी पाण्यात उतरली. ती उताणी झाली, हात पसरले आणि कान पाण्याखाली जाऊ दिले. काठी, पाऊल, रस्ता, सगळं मिटलं. आत फक्त धारांची दूरवरची कुजबुज होती आणि तिच्या छातीतली धडधड. पाठीखाली पाणी गार होतं. वर पांढऱ्या पोत्यांवर सकाळचं पहिलं ऊन चढत होतं. आणि बेडकी हलली नाही, वळली नाही, नुसती तरंगत राहिली.